पाटस्थळाची माणसं

कळवणला पाहुणा आला की त्याला आधी सप्तशृंगीच्या गडावर नेतात. वेळ उरला तर धोडप, नाहीतर संध्याकाळी चणकापूर धरणाची भिंत. आमच्या घरची रीत वेगळी होती. आजोबांना आम्ही सगळे नाना म्हणायचो. सोयरा कितीही मोठा असो, चहा झाला की नाना त्याला चालवत गिरणेवरच्या बंधाऱ्यापर्यंत न्यायचे. जेमतेम पुरुषभर उंचीची दगडी भिंत, तीही नदीला आडवी सरळ नाही, तिरकी पडलेली. यात काय बघायचं, हे पाहुण्याच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं. नाना काठीच्या टोकाने दोन दगडांच्या सांध्यातला चुना दाखवायचे आणि म्हणायचे, "यानावरच आम्ही जगनूत."

नानांचं ते म्हणणं मला आता पुरतं पटलं आहे. कळवणचा वारसा डोंगरावर जेवढा आहे तेवढाच खाली पाटाच्या कडेनेही आहे. गडांना बखरकार मिळाले, इतिहासकार मिळाले, आता ट्रेकर पोरंही मिळाली. पाटाच्या वाट्याला अभ्यासक थोडे आले. त्याचा बराचसा इतिहास म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिला, आणि ती म्हातारी माणसं आता भराभर चालली आहेत.

आधी डोंगरांचं सांगतो, कारण नानांच्या गोष्टीही तिथूनच सुरू व्हायच्या. तालुक्याच्या दक्षिणेला सातमाळा रांग आडवी पसरली आहे. धोडपच्या माचीवरून निघालेली कातळाची उभी भिंत आणि तिला मधोमध पडलेली खाच लांबून ओळखू येते. भूगर्भाच्या अभ्यासकांच्या मते ती डाइक आहे, म्हणजे जुन्या बेसॉल्टच्या भेगेत लाव्हा घुसून थिजलेली भिंत. नाना सांगायचे ती भीमाने लाथ मारून पाडलेली खाच. त्याच धोडपखाली १७६८ च्या जूनमध्ये थोरल्या माधवरावांनी चुलत्याला, राघोबादादांना, हरवलं आणि पुण्याला नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. ही कथा नाना भाऊबंदकीची म्हणून सांगायचे. गावात बांधावरून दोन भाऊ कोर्टात गेले की ती हमखास निघायची.

दुसरी गोष्ट सुरतेच्या खजिन्याची. १६७० च्या ऑक्टोबरमध्ये शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून बागलाणातून, मुल्हेरच्या बाजूने परत निघाले. मोगलांचा दाऊदखान कुरेशी पाठीवर होता. कांचन-मंचनचा घाट ओलांडताना गाठ पडली आणि १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीच्या भागात उघड्या मैदानावर मराठ्यांनी मोगली फौजेला खडे चारले. खजिना सुखरूप पुढे गेला. नानांच्या गोष्टीत मात्र घाटात एक बैल कोसळतो आणि त्याच्या पाठीवरची थैली दरीत जाते. ती थैली शोधायला नानांच्या तरुणपणी माणसं खरंच कुदळी घेऊन गेली होती म्हणे. सोनं कुणाला मिळालं नाही. पण साडेतीनशे वर्षांपूर्वीची फौज कोणत्या खिंडीतून गेली, हे शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसांना ठाऊक होतं, आणि ते बरोबर होतं.

शेजारच्या बागलाणातला साल्हेर २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या इतर किल्ल्यांसोबत जागतिक वारसा यादीत गेला. त्या दिवशी आमच्याकडे पेढे वाटले गेले आणि ते रास्तच होतं. १६७२ ला साल्हेरखाली मराठ्यांनी मोगलांना समोरासमोरच्या लढाईत हरवलं. त्याआधी साल्हेर-मुल्हेर बागुल राजांचे होते. त्यांच्यातल्या नारायणशाहाच्या पदरी असलेल्या रुद्रकवीने १५९६ साली 'राष्ट्रौढवंश महाकाव्य' हे संस्कृत काव्य लिहून या घराण्याचा इतिहास राखला. १६३८ ला औरंगजेबाने, तो शहजादा असताना, हे राज्य मोगलाईत ओढलं.

आणि गड. आम्ही नुसतं गड म्हटलं की सप्तशृंगीच. अठरा हातांची देवी कातळात कोरलेली, समोर मार्कंड्याचा डोंगर. मार्कंडेय ऋषी तिथे बसून पुराण सांगत आणि देवी मान कलती करून ऐके, म्हणून मूर्तीची मान तशी, ही कथा मोठी आई दर चैत्रात सांगायची. चैत्र पौर्णिमेला खानदेशातून माणसं उन्हातान्हात पायी येतात. आमच्या अंगणात त्यांच्यासाठी पाण्याचे रांजण भरलेले असत. पायऱ्यांचं श्रेय सेनापती दाभाड्यांच्या उमाबाईंना दिलं जातं. २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉलीही आहे, म्हणून गुडघे दुखणाऱ्या बायाबापड्यांना दर्शन सोपं झालं. २०२२ मध्ये मूर्तीवर साचलेला शेंदराचा जाड थर उतरवला आणि आतली मूळ कोरीव मूर्ती दिसली. अनेक म्हाताऱ्या माणसांना ती आधी अनोळखी वाटली. मग त्यांनीच ती डोळे भरून पाहिली.

पश्चिमेकडे दळवट, कनाशी, अभोण्याच्या वर कोकणा आणि भिल्लांची वस्ती आहे. तिथला देव पायऱ्यांचाही नाही आणि कोरीवही नाही. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव बसतो. नवस केलेली माणसं, त्यांना माउल्या म्हणतात, घर सोडून व्रत पाळतात, रात्रभर पावरीच्या सुरावर नाचतात आणि शेवटी डोंगरातल्या आपल्या देवाच्या ठिकाणी जातात. पावरी दुध्याची, तोंडाला शिंग लावलेली. तिचा सूर थंडीत खालच्या गावांपर्यंत येतो. कळवणच्या प्राचीन वारशाची यादी करायची तर माझ्या मते पहिलं नाव डोंगऱ्यादेवाचं यावं.

आता पाटाकडे वळतो.

गिरणा आमच्याच तालुक्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीत केमच्या डोंगरापाशी उगम पावते आणि मालेगाव, चाळीसगाव, भडगाव करत जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. गिरणा, मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर गावोगावच्या लोकांनी तीन-चारशे वर्षांपूर्वीपासून लहान दगडी बंधारे घातले. कुणी बागुल राजांचं नाव घेतं, कुणी अहिल्याबाईंचं. चांदवडला त्यांचा रंगमहाल आहे, त्यामुळे या मुलखात चांगलं बांधकाम दिसलं की ते त्यांच्या नावावर जातंच. एवढं नक्की, की बांधणाऱ्याला नदी कळत होती. नदीपात्रात जिथे कातळ वर आला आहे तीच जागा धरायची, पाया फोडत बसायचं नाही, आणि कातळ तिरका गेला असेल तर भिंतही तिरकी न्यायची. पूर आला की पाणी भिंतीवरून निघून जातं. उन्हाळ्यात जे थोडं वाहतं ते भिंतीला अडतं आणि बाजूच्या पाटात वळतं. पाटात पाणी जास्त झालं तर ते परत नदीत सोडायला मध्ये सांडम ठेवलेले असतात. एवढंच यंत्र, ना दार, ना चाक.

पण मला त्या भिंतीपेक्षा तिच्या मागची माणसांची व्यवस्था जास्त थोर वाटते. बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या जमिनीला थळ म्हणत. थळाचे फड पाडलेले, बहुतेक ठिकाणी चार. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात भुसार, आणि दरवर्षी पिकं पुढच्या फडात सरकायची. प्रत्येक घराची जमीन जवळपास प्रत्येक फडात थोडी थोडी असे. म्हणजे आमची एक पट्टी वर, एक मधे, एक पार शेपटाला. लहानपणी मला हे तुकडे म्हणजे वाटण्यांचा घोळ वाटायचा. नानांनी समजावलं ते असं. नदीला पाणी कमी झालं की पंच पारावर बसायचे आणि एक फड कोरडा ठेवायचं ठरवायचे. त्या फडात पाटलाचीही पट्टी असायची आणि गरिबाचीही. तोटा झाला तर सगळ्यांचा, पिकलं तर सगळ्यांचं. वरच्याने पाणी पळवायचं कशाला, त्याचीच एक पट्टी खाली होती.

पाण्याला हात लावायचा अधिकार शेतकऱ्याला नव्हता. तो बारेकऱ्याचा. पाटाची देखभाल पाटकऱ्याकडे, पिकाची राखण जागल्याकडे, या सगळ्यांवर नजर हवालदाराची. त्यांना मजुरी पिकातून मिळायची, खळ्यावर ठरलेला वाटा. पावसाळ्याआधी पाटातला गाळ काढायला घरटी एक माणूस. ज्या घरात करता पुरुष नसेल तिथली बाई यायची आणि तिला कुणी परत पाठवत नसे. नानांच्या वडिलांकडे काही वर्षं बारेकरीपण होतं. रात्री कंदील घेऊन ते वाफ्यावाफ्यातून फिरत. अंधारातून कुणीतरी हाळी द्यायचं, "बारी कोनी शे?" आणि ते शेताच्या मालकाचं नाव सांगत. स्वतःच्या शेताची पाळी आली की ते मुद्दाम दुसऱ्या माणसाला बोलावून त्याच्या हाताने बारे देववत. हे नाना फार अभिमानाने सांगायचे. आमच्या जुन्या सातबाऱ्यावर 'पाटस्थळ' ही नोंद आहे. नुसत्या विहिरीवर भिजायची ती मोटस्थळ.

थळावर ऊस होता म्हणून गुऱ्हाळं होती. कळवणचा कारखानदारीचा इतिहास सांगायचा तर गुऱ्हाळापासूनच सांगावा लागेल. नानांच्या लहानपणी लाकडी चरक गेले होते आणि लोखंडी आले होते, दोन बैलांवर फिरणारे. रस मोठ्या कढईत पडायचा. खाली चुलाणात वाळलेली चिपाडं, म्हणजे उसाचाच जाळ उसाला. रस तापला की भेंडीच्या झाडाचा चीक टाकायचा, मळी वर येते, ती झाऱ्याने काढायची. पुढचं सगळं गुळव्याच्या डोळ्यावर. बुडबुडे केव्हा लहान होतात, वास केव्हा बदलतो, थेंब पाण्यात टाकला तर गोळी वळते का, हे त्याला कळायचं. कढई उतरायला थोडा उशीर झाला तरी गूळ करपला, थोडी घाई झाली तर ढेप बसायची नाही. गुळव्या बोलला की मोठे शेतकरीसुद्धा गप्प उभे राहत. कढईतला पाक वाफ्यात ओतून फावड्याने हलवला जाई तेव्हा जो वास सुटायचा, तो मला आजही कुठल्याही मिठाईच्या दुकानात सापडत नाही. पोरांना कढईच्या कडेचा ताव मिळायचा, उसाच्या कांडीवर गुंडाळून.

पुढे विठेवाडीला वसंतदादा पाटील सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आम्ही त्याला वसाका म्हणतो. विठेवाडी तेव्हा कळवण तालुक्यातच होती, १९९९ ला देवळा तालुका वेगळा झाला तेव्हा तिकडे गेली. ऊस गुऱ्हाळाऐवजी गाडीने कारखान्यावर जाऊ लागला, शेतकरी सभासद झाला, पोरांना नोकऱ्या लागल्या. अलीकडे कारखाना कधी बंद, कधी भाडेतत्त्वावर असं चाललं आहे. ज्या पिढीने शेअरचे पैसे भरून तो उभा केला तिच्यातली माणसं अजून आहेत. त्यांच्याकडे बसून ती हकिकत कुणीतरी नीट लिहून घ्यायला हवी.

चणकापूरचं धरण यापेक्षा जुनं, १९११ चं. त्याच्या मागे दुष्काळ आहे. १८७६ ते ७८ चा मोठा, आणि १८९९-१९०० चा, ज्याला आमच्याकडे छप्पन्या म्हणतात. छप्पन्यात आमच्या घराण्यातली दोन लेकरं गेली, एवढंच मोठ्या आईला माहीत होतं, त्यांची नावंही उरली नाहीत. त्या दुष्काळानंतर १९०१ मध्ये सरकारने सिंचन आयोग नेमला आणि पुढच्या काळात आपल्या भागात दारणा, नांदूरमधमेश्वर, भंडारदरा अशी कामं झाली. चणकापूर त्याच काळातलं. मातीची भिंत, साडेतीन किलोमीटरहून लांब. नानांचे वडील बारेकरी होण्याआधी पोरसवदा वयात त्या कामावर होते. अशा धरणाच्या पोटात काळी माती, दोन्ही अंगांना मुरूम, आणि पाण्याच्या बाजूला दगडांची पिचिंग असते. वडिलांनी सांगितलेलं नाना जसंच्या तसं सांगत: वडारांची पालं नदीकाठी पडलेली, गाढवांच्या रांगा, डोक्यावर पाट्या घेऊन बाया, माती पसरली की पाणी मारायचं आणि धुम्मसाने कुटायची, पुन्हा थर, पुन्हा कुटाई. साहेब काठी रोवून बघायचा. काठी आत गेली तर अख्खा थर उकरायला लावायचा. त्या कुटाईचा हिशेब कुठल्याही फलकावर नाही. शंभर वर्षांवर भिंत पाणी धरून आहे, हीच त्या बायांची पावती.

धरणाने कळवणला दिलं तसं कळवणचं पाणी खालीही नेलं. मालेगावची तहान चणकापूरवर भागते. हे जगभर झालं आहे. वेल्समधल्या एलान खोऱ्यात १९०४ साली धरणं सुरू झाली ती बर्मिंगहॅम शहराच्या नळांसाठी. १९६५ ला लिव्हरपूलच्या पाण्यासाठी त्याच देशातलं कापेल केलिन नावाचं गाव बुडालं आणि तिथली माणसं अजून ते विसरलेली नाहीत. शहराला पाणी द्यावंच, तहानलेल्याला नाही म्हणायची आपली रीत नाही. पण ज्या खोऱ्यातून ते येतं तिथल्या माणसांना विचारून द्यावं, इतकं तरी फडाच्या पंचांकडून शिकण्यासारखं आहे. पुनद नदीवरच्या अर्जुनसागरच्या पाण्यावरून कळवण आणि सटाणा यांच्यात जी तेढ झाली ती पारावर बसून मिटण्यासारखी होती, असं मला मनापासून वाटतं.

याच चणकापूरचं नाव १९३० च्या जंगल सत्याग्रहात येतं. इंग्रजांच्या १८७८ च्या वनकायद्याने गवत, लाकूड, चराई सगळ्यावर सरकारचा शिक्का बसला होता. कोकणा-भिल्लांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट गुन्हा ठरली. मिठाचा सत्याग्रह समुद्रकाठी झाला. आमच्याकडे समुद्र नाही, म्हणून माणसं विळे-कोयते घेऊन जंगलात शिरली. दळवटकडच्या एका कोकणा बाबांनी मला सांगितलं, की त्यांचे वडील त्या गर्दीत होते आणि पोलिसांच्या भीतीने पुढे कित्येक दिवस घरी झोपले नाहीत. बोलता बोलता ते उठले आणि आढ्याला खोचलेला विळा काढून माझ्या हातात दिला. पातं झिजून बोटभर उरलेलं, मूठ नवी बसवलेली. ते बाबा स्वतः वनहक्काच्या दाव्याचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपत होते. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा जो मोर्चा चालत गेला त्यात त्यांच्या घरातली तरुण पोरं होती. मागणी तीच, कसत असलेली जमीन नावावर करा.

फड आता जवळपास मोडले आहेत. कुणा एकाचा दोष नाही. विहिरीवर इंजिन आलं, मग विजेची मोटर आली, मग बोअर. ज्याचं पाणी त्याच्या हातात आलं आणि कांद्याने पैसा दाखवला, तेव्हा सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं बंधन कोण पाळणार? धरणातून आवर्तन सुटतं, पाण्यासाठी सात नंबरचा फॉर्म भरायचा असतो. पाटकरी हा शब्द सरकारी पदाच्या नावात उरला आहे. आमच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला गाळ साचून बाभळी उगवल्या आहेत.

गंमत नाही, खेदाची गोष्ट आहे, की हेच शहाणपण आपण पुन्हा नव्याने शिकतो आहोत. २००५ साली राज्याने सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देण्याचा कायदा केला. शेजारच्या दिंडोरीत वाघाड धरणावर बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या करून सबंध प्रकल्प शेतकऱ्यांकडून चालवून दाखवला. ते काम पाहायला लांबून लोक येतात. स्पेनमधल्या वालेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दारात कालव्यांचे निवडून दिलेले शेतकरी बसतात आणि पाण्याची भांडणं तोंडी चालवून तिथल्या तिथे निकाल देतात. युनेस्कोने २००९ मध्ये त्या पंचायतीला मानवजातीचा वारसा म्हटलं. आमचे पंच पिंपळाच्या पारावर तेच करत होते.

आंतरराष्ट्रीय सिंचन आयोग शंभर वर्षांहून जुन्या सिंचनरचनांना जागतिक वारशाचा दर्जा देतो. आपल्याच राज्यातल्या, मालवण तालुक्यातल्या धामापूरच्या तलावाला तो २०२० मध्ये मिळाला. गिरणा, मोसम, आरमवरच्या बंधाऱ्यांसाठी गावांनी ग्रामसभेत ठराव करून जलसंपदा खात्याकडे मागणी करावी. त्याआधीही एक काम आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. ज्यांच्या सातबाऱ्यावर पाटस्थळ लिहिलेलं आहे त्यांनी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला घेऊन बंधाऱ्यावर जावं. पाट कुठून निघायचा, सांडम कुठे होता, फडांची नावं काय, शेवटचा बारेकरी कोण, हे विचारावं आणि मोबाइलवर त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावं. पाऊस सुरू झाला की पात्रात उतरता येत नाही, तेव्हा हे यंदाच्या उन्हाळ्यातच करा.